बाळू पालवणकर : सीमारेषेच्या आतले आणि बाहेरचे

क्रिकेटच्या इतिहासाची पाने उलटू लागलो की आपल्याला राजे भेटतात, नबाब भेटतात, डॉक्टर आणि प्राध्यापक भेटतात. रणजितसिंहजी हे संस्थानिक. त्यांच्या नावाची स्पर्धा १९३४ सालापासून खेळली जाते. दुलीपसिंहजी त्यांचे पुतणे. त्यांच्याही नावाची स्पर्धा आहे. संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या नावाचा करंडक आहे. परंतु भारतातून इंग्लंडला गेलेल्या संघाकडून एकाच उन्हाळ्यात शंभराहून अधिक बळी घेणारे जे थोर गोलंदाज, त्यांच्या नावाने एकही राष्ट्रीय करंडक नाही. त्यांचे नाव बाळू बाबाजी पालवणकर. जातीने चांभार. त्यांच्या कारकिर्दीची ओळख करून देणे आणि त्या कारकिर्दीने आपल्यापुढे ठेवलेला एक प्रश्न समजून घेणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवण या गावावरून आलेले. वडील लष्करात शिपाई होते. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातींतील माणसाला गावकीच्या कामातून बाहेर पडण्याचे जे थोडे मार्ग होते, त्यांत पलटण हा एक मोठा मार्ग होता. पलटणीच्या आसऱ्याने मुलांना थोडे शिक्षण मिळे, शहराचे वारे लागे, आणि साहेबांचे खेळ पाहायला मिळत. बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांनी पुण्यात लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर क्रिकेटचे पहिले धडे गिरवले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

शाळा लवकर सुटली आणि नोकरी धरावी लागली. ती नोकरी क्रिकेटच्या मैदानावरचीच होती, पण खेळण्याची नव्हे. पुण्यात पारशी मंडळींच्या एका क्लबात खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रोलर फिरवणे हे काम, पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या क्लबात गेले. तेथे पगार चार रुपये झाला. जाळी बांधणे, खेळपट्टी आखणे, टेनिसच्या जागेची निगा राखणे ही कामे त्यांच्याकडे होती. फावल्या वेळात एका साहेबाने त्यांना जाळीत चेंडू टाकायला सांगितले, आणि या सोळा वर्षांच्या मुलाचा डावा हात काही वेगळाच आहे हे क्लबातल्या फलंदाजांच्या ध्यानात आले.

येथे त्यांच्या गोलंदाजीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण क्रिकेट पाहणारे पुष्कळ असले तरी चेंडू वळतो कसा याचा विचार फारसे कोणी करीत नाही. बाळू मंदगती डावखुरे फिरकी गोलंदाज होते. अशा गोलंदाजाचा चेंडू बोटांच्या पिळाने स्वतःभोवती फिरत येतो आणि टप्पा पडल्यावर उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाच्या अंगापासून दूर जातो. फलंदाजाने चेंडू जिथे येईल म्हणून बॅट नेली, तिथे तो नसतो. थोडा बाहेर असतो. मग बॅटची कड लागते आणि झेल उडतो. त्यातच एखादा चेंडू न वळता सरळ आला, की फलंदाज पायचीत किंवा त्रिफळाचीत. म्हणजे अशा गोलंदाजाचे शस्त्र वेग हे नसून संशय हे असते. हा चेंडू वळेल की नाही, पुढे येऊन खेळावा की मागे राहून, अशा दुग्ध्यात फलंदाजाला ठेवायचे आणि तासन् तास एकाच टप्प्यावर चेंडू टाकीत राहायचे. याला लागते ती अचूकता, दमसास आणि खेळपट्टीची जाण. ज्या मुलाने रोज सकाळी तीच खेळपट्टी झाडली, तिच्यावर पाणी मारले, रोलर ओढला, त्याला तिची कोठली जागा भुसभुशीत आणि कोठली टणक हे फलंदाजापेक्षा अधिक कळत असेल, असे अनुमान काढले तर ते वावगे ठरू नये.

या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचे एक नामवंत फलंदाज होते. ते इतरांच्या आधी येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपल्याला बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे, अशी पैज ते लावीत, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी धरली तर आठ वेळा बाद केल्यावर एक महिन्याचा पगार सुटत असे! कथेचे काय असेल ते असो. पण एक गोष्ट निश्चित, की या क्लबात बाळूंनी वर्षानुवर्षे चेंडू टाकले आणि बॅट त्यांच्या हाती क्वचितच आली. फलंदाजी ही साहेबाची मौज आणि गोलंदाजी हे नोकराचे काम, अशी ती वाटणी होती. त्या जाळीत टाकलेल्या हजारो चेंडूंची नोंद कोणत्याही धावफलकात नाही.

आता गोष्टीला वळण मिळते ते पुण्यातील हिंदू क्लबामुळे. या क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते. ग्रेगसारख्या फलंदाजाला रोज जाळीत चकवणारा माणूस त्याच गावात होता, पण तो अस्पृश्य होता. त्याला संघात घ्यावे की नाही यावर क्लबात वाद झाला. अखेर जिंकण्याची इच्छा बळावली आणि बाळूंना संघात प्रवेश मिळाला. परंतु हा प्रवेश मैदानापुरताच होता. चहाच्या वेळी इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा पीत. बाळूंना तो बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. जेवणाचे ताटही वेगळे.

या व्यवस्थेकडे जरा बारकाईने पाहू. क्रिकेटचा चेंडू एकच असतो. बाळूंनी बोटांत पिळून टाकलेला चेंडू यष्टिरक्षक झेलतो, तो क्षेत्ररक्षकाकडे फेकतो, तो पँटला घासून पुन्हा बाळूंच्या हाती देतो. षटकामागून षटके हा चेंडू अकरा जणांच्या हातांतून फिरतो आणि कोणालाही विटाळ होत नाही. पंचांनी बेल्स उचलल्या, मंडळी सीमारेषा ओलांडून पॅव्हेलियनकडे निघाली, की त्याच हाताने धरलेल्या पेल्याचा मात्र विटाळ होतो. हातही तोच आणि माणूसही तोच. मध्ये आहे ती चुन्याने आखलेली एक रेघ. अस्पृश्यतेला धर्माचा, शास्त्राचा, आरोग्याचा आधार आहे असे सांगणाऱ्यांना या एका चेंडूने उत्तर दिले आहे. तिला आधार असेल तर तो सोयीचा. गरज असेल तेथे ती वितळते आणि गरज संपताच पुन्हा गोठते.

१८९६ च्या सुमारास पुण्यात प्लेग आला आणि त्यानंतर बाळू मुंबईस आले. रेल्वेत नोकरी लागली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. येथेही त्यांना घेण्यास काही सभासदांचा विरोध झालाच. त्या काळच्या मुंबईच्या क्रिकेटची रचना आजच्या वाचकाला समजावून सांगितली पाहिजे. आज संघ शहराचा असतो किंवा राज्याचा असतो; तेव्हा तो धर्माचा असे. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे मोठे सामने होत. १९०७ साली हिंदू आले आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ साली मुसलमान आले आणि ती चौरंगी झाली. १९३७ साली 'शेष' या नावाने इतरांचा संघ आला आणि ती पंचरंगी झाली. १९४६ मध्ये ती बंद पडली. अशा रचनेत बाळूंची स्थिती मोठी चमत्कारिक होती. मैदानावर ते हिंदूंचे प्रतिनिधी, हिंदूंची अब्रू त्यांच्या डाव्या हातावर. आणि मैदानाबाहेर हिंदूंच्या देवळाचा दरवाजा त्यांना बंद.

१९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन हा सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांच्या झाल्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी विजयी झाले. बाळूंच्या गोलंदाजीचा या यशात मोठा वाटा होता आणि शिवरामही संघात होते. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद सर्वत्र झाला. परंतु 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या समाजसुधारकांच्या पत्राने या विजयाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. जातीचा अडसर दूर करून चांभार बंधूंना संघात घेतले, त्याचे हे फळ आहे, आणि हा धडा देशाने इतर बाबतींतही गिरवावा, असा त्या लिखाणाचा रोख होता.

बाळूंच्या कीर्तीचा कळस म्हणजे १९११ चा इंग्लंड दौरा. भारतातील सर्व धर्मांचे खेळाडू मिळून इंग्लंडला गेलेला हा पहिला संघ. यापूर्वी पारशांचे संघ गेले होते, पण ते केवळ पारशांचे. या संघाचे कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह, वय वर्षे एकोणीस. महाराजांचे लक्ष दरबारी समारंभांकडे अधिक, त्यामुळे ते थोडेच सामने खेळले. संघाने २३ सामने खेळून ६ जिंकले, १५ हरले आणि २ अनिर्णित राहिले. एकूण दौरा अपयशीच म्हणायचा. पण या पडझडीत एक माणूस खांबासारखा उभा राहिला. बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. त्यांपैकी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ७५ बळी, सरासरी २०.१२. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी, ही त्यांची प्रथम श्रेणीतली सर्वोत्तम कामगिरी.

ज्यांना आकड्यांची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो : गोलंदाजाची सरासरी म्हणजे एक बळी मिळवायला त्याने किती धावा दिल्या. आकडा जितका लहान तितका गोलंदाज मोठा. बाळूंच्या नावावर प्रथम श्रेणीचे ३३ सामने आणि १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. म्हणजे सामन्यागणिक पाचांहून अधिक बळी आणि प्रत्येक बळीमागे अवघ्या पंधरा धावा. त्या काळी खेळपट्ट्या झाकून ठेवीत नसत, पावसाने त्या गोलंदाजाला साथ देत, हे खरे. तरीही हे आकडे थोर आहेत.

आणि याच आकड्यांत एक करुण गोष्टही दडलेली आहे. १७९ पैकी ७५ बळी त्या एका इंग्लिश उन्हाळ्यातले आहेत. उरलेले १०४ बळी म्हणजे पंधराएक वर्षांच्या कारकिर्दीचा हिशेब. याचे कारण असे की आपल्या देशात मोठे सामनेच वर्षाला एक-दोन होत. सतत खेळायला मिळाले तर हा माणूस काय करू शकतो, हे त्याला स्वतःलाही वयाच्या पस्तिसाव्या वर्षी कळले. त्याआधीची तरणीताठी वर्षे जाळीत साहेबांना सराव देण्यात गेलेली होती. भारताला कसोटी सामना खेळायला मिळाला १९३२ साली, तेव्हा बाळू छप्पन वर्षांचे होते.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या समारंभाचे मानपत्र एका तरुण विद्यार्थ्याने लिहिले होते, असे अभ्यासक सांगतात. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव आंबेडकर. तेव्हा ते एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते, बी.ए. व्हायचे होते. ज्या समाजातून कॉलेजात जाणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, त्या समाजाला साहेबाच्या देशात जाऊन साहेबाला बाद करून आलेला माणूस म्हणजे केवढा आधार वाटला असेल! घरातून पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना ही भावना वेगळी समजावून सांगायला नको.

इतके सारे झाल्यावर बाळू हिंदू संघाचे कर्णधार झाले असतील, असे कोणालाही वाटेल. ते कधीच झाले नाहीत. गोलंदाज म्हणून त्यांच्यावाचून चालत नव्हते. पण ज्याच्या हुकमाने उच्चवर्णीय खेळाडूंनी उभे राहायचे आणि पळायचे, त्या जागी अस्पृश्य माणूस बसवणे निवड समितीला जड जात होते. या काळात बराच काळ मु. दा. पै कर्णधार होते. पै हे सरळ मनाचे गृहस्थ. १९१३ साली जिमखान्याने त्यांचा सत्कार केला तेव्हा त्यांनी जाहीरपणे सांगितले की हा मान वयाने आणि अनुभवाने ज्येष्ठ असलेल्या आपल्या मित्राला, बाळूंना, मिळायला हवा होता. ज्याला मान मिळाला त्यानेच हे बोलावे, ही गोष्ट पै यांच्या मोठेपणाची. आणि ऐकूनही काही बदलले नाही, ही गोष्ट त्या काळाची.

१९२० साली हा प्रश्न उघड्यावर आला. त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेत पै यांच्या गैरहजेरीत कर्णधारपद देवधरांना देण्यात आले, आणि बाळूंना तर संघातूनच वगळले. तेव्हा शिवराम आणि त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांनी निषेध म्हणून खेळण्यास नकार दिला आणि आपली बाजू जाहीर पत्रकाने मांडली. जातीच्या कारणाने आमचा अपमान होत असेल तर आम्ही मैदानावर उतरणार नाही, असा त्याचा आशय होता. हा बहिष्कार गाजला. पुढे पै परत आले, बंधूही परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले, आणि सामन्यात पै मैदानाबाहेर गेले तेव्हा काही वेळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. चव्वेचाळीस वर्षांच्या या खेळाडूच्या वाट्याला कर्णधारपद आले ते एवढेच, दुसऱ्याच्या औदार्याने, घटकाभरासाठी.

देवधरांविषयी गैरसमज नको. तेही मोठे खेळाडू होते आणि पुढे त्यांनी महाराष्ट्राच्या क्रिकेटची थोर सेवा केली. दोष एका व्यक्तीचा नाही. दोष त्या पद्धतीचा, जिला अनुभवी अस्पृश्यापेक्षा तरुण सवर्ण अधिक शोभेसा वाटे.

परंतु बहिष्कार वाया गेला नाही. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षीची स्पर्धा हिंदूंनी जिंकली. विठ्ठल हे उत्कृष्ट फलंदाज. ज्या घरात थोरल्या भावाच्या हाती बॅट यायची नाही, त्याच घरातला धाकटा भाऊ फलंदाज म्हणून आणि कर्णधार म्हणून गाजावा, यात काळाचा न्याय आहे. चौथे बंधू गणपत हेही हिंदू संघाकडून खेळले. विठ्ठलरावांनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. या घराण्याविषयी आज आपल्याला जे कळते, त्याचा मोठा भाग या पुस्तकामुळे टिकून राहिला. बाळूंनी स्वतः आत्मचरित्र लिहिले नाही.

बाळूंच्या आयुष्याचा उत्तरार्ध मैदानाबाहेरचा आहे आणि तो अधिक अवघड आहे. १९३२ साली जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. गांधीजींनी त्याविरुद्ध येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभले आणि २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, संयुक्त मतदारसंघ आणि जास्त राखीव जागा आल्या. या वेळी बाळू संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने होते आणि करारावर सही करणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. १९३५ साली येवल्याला आंबेडकरांनी धर्मत्यागाची घोषणा केली. बाळूंना ती पटली नाही. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत राखीव जागेसाठी आंबेडकरांच्या विरोधात उमेदवार म्हणून बाळूंना उभे केले. ज्याचे मानपत्र लिहिले त्याच्याशीच गाठ पडली! आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाळू २,०२० मतांनी हरले.

पुष्कळजण या पराभवानंतर बाळूंना एका वाक्यात निकालात काढतात : ते सवर्णांच्या हातातले बाहुले झाले. मला हे वाक्य पुरेसे वाटत नाही. त्यांच्या जागी उभे राहून पाहिले पाहिजे. चार रुपयांच्या नोकरापासून सुरुवात केलेल्या या माणसाने दारे एकेक करून उघडताना पाहिली होती. पुण्याच्या क्लबाने घेतले, मुंबईच्या जिमखान्याने घेतले, इंग्लंडला नेले, उपकर्णधार केले, भाऊ कर्णधार झाला. प्रत्येक वेळी उशीर झाला, पण दार उघडले. अशा माणसाची श्रद्धा बसणार की घरात राहून, आपले काम चोख करून, हळूहळू मने बदलता येतात. त्याच्या अनुभवाने त्याला हे शिकवले होते.

आता दुसरी बाजू. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर आंबेडकर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्यायले. त्या दिवशी त्यांच्यामागे जे हजारो लोक होते, त्यांच्यातल्या कोणाला डावखुरी फिरकी येत नव्हती. त्यांनी कोणत्या साहेबाला बाद केले नव्हते. ते सामान्य माणसे होते, आणि पाणी पिण्याचा हक्क त्यांना सामान्य माणूस म्हणूनच हवा होता. येथेच बाळूंच्या मार्गाची मर्यादा दिसते. गुणाच्या बळावर दार उघडते हे खरे, पण ते गुणवंतापुरते उघडते. एका डावात आठ बळी घेणाऱ्याला चिनी मातीचा पेला मिळाला, तर जो एकही बळी घेत नाही त्याने कशातून प्यावे? ज्या समाजात माणूस म्हणून वागवले जाण्यासाठी असामान्य असावे लागते, तो समाज सामान्य माणसावर रोज अन्याय करीत असतो. आंबेडकरांना हे स्पष्ट दिसले होते. बाळूंना कदाचित तितके दिसले नाही. पण ते दिसावे असा जिवंत पुरावा बाळूंच्याच आयुष्याने पुरवला. माझ्या मते हाच त्यांचा सर्वांत मोठा वारसा.

बाळूंचे निधन ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत झाले. त्यानंतर अनेक वर्षे ते जवळजवळ विस्मृतीत गेले. २००२ साली रामचंद्र गुहा यांचा भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि नव्या पिढीला त्यांची ओळख झाली. त्याच्या आदल्याच वर्षी आलेल्या 'लगान' चित्रपटातला कचरा हा अस्पृश्य फिरकी गोलंदाज अनेकांच्या परिचयाचा आहे. पण कचरा चित्रपटात दोन-चार षटके टाकून विजय मिळवून देतो आणि गावकरी त्याला लगेच आपला मानतात. बाळूंना त्यासाठी पाव शतक चेंडू टाकावे लागले, आणि तरीही कर्णधारपद मिळाले नाही. पडदा आणि इतिहास यांत एवढे अंतर असते.

क्रिकेटच्या दृष्टीनेही त्यांचा वारसा मोठा आहे. मंदगती डावखुरी फिरकी ही पुढे भारतीय क्रिकेटची ओळखच झाली. विनू मंकड, १९६४ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग २१ निर्धाव षटके टाकणारे नाशिकचे बापू नाडकर्णी, बिशनसिंग बेदी, आणि प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊनही एकही कसोटी न खेळलेले मुंबईचे पद्माकर शिवलकर, ही सारी त्याच वाटेने गेलेली माणसे. यांपैकी कोणी बाळूंचा प्रत्यक्ष शिष्य नव्हे. परंतु ही वाट या देशात प्रथम मळली ती बाळूंच्या पावलांनी, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्या वडपे परिसरात आणि सबंध भिवंडी तालुक्यात भातकापणी उरकली की खाचरांत क्रिकेटचे सामने सुरू होतात. आता अनेक खाचरांवर गोदामे उभी राहिली, तरी जिथे मोकळी जागा उरली आहे तिथे ढेकळे फोडून, पाणी मारून, धुमसून मुले खेळपट्टी करतातच. या सामन्यांत सर्व आळ्यांची, सर्व पाड्यांची मुले एकत्र खेळतात आणि चेंडू कोणाच्या हातातून आला हे कोणी विचारीत नाही. ही चांगलीच गोष्ट आहे. पण बाळूंच्या चरित्राने आपल्याला पाहायला शिकवले आहे ते मैदानाच्या कडेला. खेळपट्टीवर सकाळी पाणी कोण मारतो? संघाचा कप्तान कोण होतो? बक्षीससमारंभाला मंचावर कोण बसतो आणि मंडप कोण उभारतो? सामना संपल्यावर जेवायला कोण कोणाच्या घरी जातो? समाजाची खरी धावसंख्या या प्रश्नांच्या उत्तरांत मोजावी लागते.

हेच प्रश्न कॉलेजलाही लागू आहेत. वर्गात आपण एका बाकावर बसतो, एकाच ग्रंथालयातील पुस्तके एकामागून एक हाताळतो. पुस्तक हे आपले चेंडूसारखेच. पण स्नेहसंमेलनाच्या समितीत, सहलीच्या गटांत, डब्याच्या वेळी, आडनाव विचारून झाल्यावर बदलणाऱ्या चेहऱ्यांत अजून कोठे ती चुन्याची रेघ उरली आहे काय, हे ज्याचे त्याने तपासावे. बाळूंच्या नावाचा करंडक निघेल तेव्हा निघो. कोणत्याही मैदानावर कोणालाही वेगळा पेला द्यावा लागू नये, आणि पेला मिळवण्यासाठी कोणाला आठ बळी घ्यावे लागू नयेत, एवढे आपल्या पिढीने केले तरी त्या डाव्या हाताचे ऋण थोडेफार फिटेल.